कृष्णविवरात पडणाऱ्याचं काय होतं?

कृष्णविवरात पडण्याबद्दल वाचकांचे बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

राजारामपुरीतून प्रश्न: आत पडणाऱ्या माणसाच्या शेवया होतात म्हणे. खरं का?

होतात. पण कुठे होतात, ते कृष्णविवर किती मोठं आहे यावर ठरतं. पाय खाली करून पडणाऱ्याचे पाय केंद्राच्या जवळ असतात, डोकं लांब. त्यामुळे पायांवर ओढ जास्त, डोक्यावर कमी. जीव घेतो तो हा फरक. नुसती ओढ कितीही असली तरी मोकळं पडणाऱ्याला स्वतःचं वजन जाणवतच नाही. समुद्राची भरती-ओहोटी घडवणारा फरकही हाच.

सूर्याच्या १० पट वस्तुमानाचं कृष्णविवर घ्या. ज्या सीमेतून काहीच परत येत नाही, ते त्याचं घटना क्षितिज केंद्रापासून ३० किलोमीटरवर असतं. माणूस दोन मीटर उंच धरला, तर केंद्र सुमारे ३,८०० किलोमीटर दूर असतानाच डोकं आणि पाय यांवरच्या ओढीतला फरक पृथ्वीच्या गुरुत्वाच्या १० पट होतो. तिथून क्षितिजापर्यंत पोहोचायला एक दशांश सेकंदही लागत नाही, आणि क्षितिजाशी तोच फरक दोन कोटी पटींवर गेलेला असतो. लांबीला ताणणं आणि त्याच वेळी चारी बाजूंनी आत दाबणं असं दोन्ही एकदम चालतं. दाब ताणाच्या निम्मा असतो. शेवईची कणीक हाताने ओढली की लांब होता होता बारीक होत जाते, तसंच.

आता आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं सॅजिटेरियस ए-स्टार पाहा. त्याचं वस्तुमान सूर्याच्या ४३ लाख पट, तर क्षितिजाची त्रिज्या सव्वा कोटी किलोमीटरच्या वर. तिथे क्षितिज ओलांडताना डोक्या-पायातला फरक पृथ्वीच्या गुरुत्वाच्या काही हजारांश इतकाही भरत नाही. माणूस धडधाकट आत जाईल. ताण असह्य होईल तो केंद्र पावणेतीन-तीन लाख किलोमीटरवर आल्यावर. तिथून पुढचा खेळ मात्र तसाच, एक दशांश सेकंदाचा. कृष्णविवर लहान असो की मोठं, वेदनेचा हा काळ बदलत नाही. मला या सगळ्या गणितात सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

कागलहून प्रश्न: क्षितिज ओलांडताना काही दिसतं का, धक्का बसतो का?

नाही. तिथे भिंत नाही, रेघ नाही. पाऊस लागला आणि राजाराम बंधाऱ्यावरून पाणी पडू लागलं की वरच्या अंगाला एक मासा पोहतोय असं समजा. बंधाऱ्यापासून लांब तो प्रवाहाविरुद्ध आरामात जातो. जसजसा जवळ येतो, तसतसं पाणी जोर धरतं, आणि एका ठिकाणी पाण्याचा वेग माशाच्या जास्तीत जास्त वेगाइतका होतो. ती जागा पाण्यावर कुणी आखलेली नसते, माशालाही कळत नाही. तिच्या पुढे गेलेला मासा मात्र माघारी येत नाही. कृष्णविवराकडे अवकाशच असं वाहतं असं मानता येतं, आणि मासा म्हणजे प्रकाश.

इचलकरंजीहून प्रश्न: बाहेरून बघणाऱ्याला तो माणूस कायमचा गोठलेला दिसतो, आणि आत पडणाऱ्याला विश्वाचं सगळं भविष्य दिसतं, हे दोन्ही खरं?

पहिलं अर्धं खरं, दुसरं चूक. बाहेरून पाहिलं तर त्याच्या हालचाली मंदावत जातात, पण तो पुतळ्यासारखा टांगलेला राहत नाही. त्याच्याकडून येणारा प्रकाश तांबडा होत विझत जातो. सॅजिटेरियस ए-स्टारच्या बाबतीत दर ८५ सेकंदांनी तरंगलांबी सुमारे २.७ पट होते. पाव तासात दृश्य प्रकाश मायक्रोवेव्हच्या पट्ट्यात गेलेला असतो. दहा सूर्यांच्या कृष्णविवराशी हे सगळं काही मिलिसेकंदांत आटोपतं.

पडणाऱ्याला भविष्य दिसत नाही, कारण मागून येणाऱ्या प्रकाशापासून तो स्वतःच वेगाने दूर पळत असतो. फार लांबून मोकळं पडत आलेल्याला क्षितिजाशी, सरळ पाठीमागून येणारा प्रकाश निम्म्या वारंवारतेचा दिसतो, म्हणजे बाहेरचं घड्याळ निम्म्या गतीने चाललेलं. बाहेरचं जग भराभर धावताना दिसायचं, तर इंजिनाच्या जोरावर क्षितिजाच्या अगदी वर तरंगत राहावं लागेल.

गडहिंग्लजहून प्रश्न: आत गेल्यावर रॉकेट लावून केंद्र चुकवता येईल?

नाही, आणि इथे ‘विवर’ या शब्दाने आपली फसगत होते. खड्डा म्हटला की तळ येतो, आणि तळ चुकवून कडेने जाता येईलसं वाटतं. पण न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या क्षितिजाच्या आत केंद्र ही समोरची जागा राहत नाही, ती पुढची वेळ होते. उजवीकडे वळून उद्याचा दिवस चुकवता येतो का?

थोडा वेळ मात्र मिळवता येतो. सॅजिटेरियस ए-स्टारमध्ये लांबून मोकळं पडत आलेल्याकडे क्षितिजानंतर २८ सेकंद असतात. इंजिन बाहेरच्या दिशेने बेताचं चालवून वेळीच बंद केलं, तर फार तर ६६ सेकंद. चूक होते ती घाबरून इंजिन चालूच ठेवण्याची. मोकळ्या पडण्यात स्वतःच्या घड्याळावर सर्वाधिक वेळ जातो. नको तेवढा जोर लावला की हातचे सेकंदही कमी होतात. एम ८७ दीर्घिकेतल्या साडेसहा अब्ज सूर्यांच्या कृष्णविवरात हीच मर्यादा २८ तासांची आहे.

शाहूपुरीतून प्रश्न: सूर्याचं कृष्णविवर झालं तर आपण ओढले जाऊ?

नाही. वस्तुमान तेच राहिलं तर पृथ्वीची कक्षाही तीच. आपण अंधारात गारठून मरू, ते वेगळं. सूर्याचं वस्तुमान एवढं कमी आहे की त्याचं तसं होणारही नाही.

जयसिंगपूरहून प्रश्न: तिथपर्यंत जिवंत पोहोचता तरी येईल का?

भोवती वायूची तप्त चकती असेल तर नाही. घर्षणाने लाखो अंश तापलेला वायू क्ष-किरण फेकतो आणि ताण पडायच्या कितीतरी आधी तेच मारतात. जायचं तर शांत कृष्णविवर हवं. २०२२ मध्ये सापडलेलं गाया बीएच-१ तसं आहे. ते भुजंगधारी तारकासमूहात, सुमारे १,५६० प्रकाशवर्षांवर आहे. पण त्याचं वस्तुमान साडेनऊ सूर्यांच्या आसपास, म्हणजे शेवया क्षितिजाच्या बाहेरच.

पन्हाळ्याहून प्रश्न: आकाशगंगेचं केंद्र इथून कुठल्या दिशेला दिसेल?

जूनमध्ये ते मध्यरात्री दक्षिणेला सर्वांत उंच असतं, पण तेव्हा आपल्याकडे ढग. म्हणून एप्रिलअखेर, चंद्र नसताना, पहाटे पावणेचारच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करा. क्षितिज आणि डोक्यावरचा बिंदू यांच्या बरोबर मध्याच्या किंचित खाली, ४४ अंशांवर, वृश्चिकाची नांगी आणि धनु राशीतला किटलीसारखा आकार यांच्या मधली जागा शोधा. शहराच्या दिव्यांकडे पाठ राहील अशी जागा निवडा आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं द्या. मोबाईल बघायचा नाही. कृष्णविवर दिसणार नाही, मधल्या धुळीने त्याच्या भोवतालचे तारेही झाकले आहेत. १२ मे २०२२ रोजी प्रसिद्ध झालेलं त्याचं चित्र रेडिओ दुर्बिणींनी टिपलेलं आहे. पण किटलीच्या तोटीतून वाफ निघावी तसा आकाशगंगेचा पट्टा जिथे सर्वांत दाट दिसेल, दिशा तीच.