हातउसन्या रकमेचा धनादेश परत आला, तर…

प्रश्न : सहकाऱ्याला मुलीच्या लग्नासाठी चार लाख रुपये रोख हातउसने दिले, लिखापढी केली नाही. वर्षभराने त्याने दिलेला धनादेश ‘पुरेशी शिल्लक नाही’ या शेऱ्यासह परत आला. नोटिशीला ‘भिशीसाठी तारण म्हणून सही करून कोरा धनादेश दिला होता, कर्ज घेतलेच नाही’ असे उत्तर आले आहे. माझी फिर्याद टिकेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : लिखापढी नाही, एवढ्यावरून फिर्याद पडत नाही. सही मान्य असेल, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (धनादेश न वटण्याबाबतचा कायदा) कलम १३९ नुसार धनादेश कर्ज किंवा अन्य देणे फेडण्यासाठीच दिला होता असे न्यायालय गृहीत धरते आणि ते खोडण्याचा भार सहकाऱ्यावर येतो. कोऱ्या धनादेशाची सबबही पुरेशी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार (२०१९) या निकालात म्हटले आहे. भिशी कोण चालवत होते, ती संपल्यावर धनादेश परत का मागितला नाही, हे त्याला सांगावे लागेल.

खरी कसोटी उलटतपासणीत लागते. आरोपीने साक्ष दिलीच पाहिजे असे नाही. तुमच्याच जबाबातून शंका उभी करता आली तरी त्याचे काम होते, आणि त्याच्या वकिलाचा पहिला प्रश्न ‘एवढी रक्कम आणली कुठून?’ हाच असेल. बसलिंगप्पा विरुद्ध मुदिबसप्पा (२०१९) या प्रकरणात आर्थिक ऐपत दाखवता न आल्यानेच फिर्यादी हरला. ‘पैसे घरातच होते’ हे उत्तर अनेकदा खरे असते, पण न्यायालयात ते फार लंगडे ठरते. म्हणून त्या सुमारास खात्यातून काढलेली रक्कम, भविष्यनिर्वाह निधीची उचल किंवा दागिने विकल्याची पावती आजच शोधून ठेवा. वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख कर्ज घेणे आयकर कायद्याला मंजूर नाही; मात्र तेवढ्याने ते कर्ज बेकायदा ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. व्याज घेतले असल्यास वकिलांना आधीच सांगा, कारण सावकारी परवान्याचा मुद्दा निघू शकतो.

मुदतीत ढिलाई नको. धनादेश परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली असली पाहिजे. ती सहकाऱ्याला पोचल्यावर पैसे देण्यासाठी १५ दिवस मिळतात आणि ते संपल्यापासून महिन्याभरात, तुमचे खाते असलेल्या शाखेच्या हद्दीतील न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद द्यावी लागते. हे दिवस पोचपावतीवरील तारखेपासून मोजा, उत्तराच्या तारखेपासून नव्हे. वसुलीचा दिवाणी दावा स्वतंत्रपणे लावता येतो. त्याची तीन वर्षांची मुदत साधारणपणे पैसे दिल्याच्या तारखेपासूनच चालू होते.