फाटकावरची पाटी आणि टीव्हीवरचे पट्टे

प्रश्न : मालवण तालुक्यात समुद्रापासून चार-पाच मिनिटांवर आमचं घर आहे. वरच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. जेवणखाण मी बघते, बाकीचं माझे यजमान. दिवाळीच्या आधी कुडाळच्या दुकानातून ६५ इंची स्मार्ट टीव्ही ७४ हजारांना हप्त्यांवर घेतला आणि खालच्या लोट्यावर, म्हणजे ओटीवर, लावला. घरचे आणि पाहुणे दोघंही बघतात. मे महिन्यात, खोल्या भरलेल्या असताना, स्क्रीनवर उभे पट्टे आले. कंपनीचा माणूस आला, मागचं झाकण उघडून बघितलं, आणि जाताना फाटकावरच्या होमस्टेच्या पाटीचा फोटो काढला. जॉबशीटवर लिहिलं, ‘कमर्शियल वापर, आत गंज, वॉरंटी लागू नाही.’ पॅनलचा खर्च ५२ हजार सांगतात. दुकानदार म्हणतो, तुमचं तुम्ही कंपनीशी बघा. बिलावर माझंच नाव आहे, पण पत्त्यात होमस्टेचं नाव आलंय. आम्ही ग्राहक नाही का? हप्ते थांबवू का? आणि वरच्या मजल्यावर दुसरा टीव्ही घ्यायचाय, तो कसा निवडावा?

उत्तर :

ताई, पहिली गोष्ट, ती पाटी उतरवू नका. असल्या भांडणात माणूस घाबरून आधी पाटी काढतो, मग शेजाऱ्यांना ‘विचारलं तर पाहुणे नात्यातले म्हणून सांगा’ म्हणतो, आणि चांगली बाजू स्वतःच्या हाताने घालवतो. तुमची केस खरं सांगूनच उभी राहते.

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ च्या कलम २(७) मध्ये व्यापारी कारणासाठी वस्तू घेणाऱ्याला ग्राहक मानलेलं नाही. कंपनीचा सगळा भर ह्या एका वाक्यावर आहे. पण त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे, ते टेक्निशियनला कुणी शिकवत नाही. स्वयंरोजगारातून केवळ स्वतःचं पोट भरण्यासाठी वस्तू घेतली आणि स्वतः वापरली, तर ते व्यापारी कारण धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात म्हटलं, की हे प्रत्येक प्रकरणातल्या वस्तुस्थितीवर ठरतं. २०१९ मध्ये लीलावती रुग्णालयाच्या ट्रस्टने परिचारिकांना राहायला घेतलेल्या फ्लॅट्सचा वाद आला. तिथे न्यायालयाने खरेदीमागचा मुख्य हेतू बघितला आणि ट्रस्टला ग्राहक मानलं. आणि २०२४ च्या श्रीराम चिट्सच्या निकालाने सांगितलं, की व्यापारी कारण होतं हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर आहे. म्हणजे तुमच्या बाबतीत कंपनीवर. फाटकाच्या एका फोटोने ती जबाबदारी पुरी होते असं मला वाटत नाही. दोन खोल्या, जेवण घरच्या बाईच्या हातचं, नोकरचाकर नाही, टीव्ही लोट्यावर, जिथे संध्याकाळी घरचेही बसतात. हे सगळं प्रतिज्ञापत्रावर लिहा. निवास व न्याहारी योजनेत नोंदणी असेल तर तो दाखलाही जोडा. मालक त्याच घरात राहतो हे त्यातून दिसतं.

एक प्रश्न मात्र मला तुम्हालाच विचारायचा आहे. बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक टाकून घेतलात का, आणि त्यावरच्या कराची वजावट कुठे दाखवलीत का? तसं असेल तर समोरचा वकील तोच कागद पहिला काढेल. पत्त्यातल्या होमस्टेच्या नावाची तेवढी भीती नको. उलट तो तुमचा चांगला कागद आहे, कारण टीव्ही कुठे चालला आहे हे दुकानदाराला विकतानाच माहीत होतं. तरी त्याने ‘ह्याची वॉरंटी फक्त घरगुती वापराला’ असं सांगितलं नसेल आणि वॉरंटी कार्ड सीलबंद खोक्यातून घरी आल्यावरच निघालं असेल, तर तेही लिहा. ‘पाहुणे बसतात त्या जागेला कुठला चालेल’ असं विचारून तुम्ही त्याच्या सल्ल्याने मॉडेल घेतलं असेल, तर वस्तुविक्री अधिनियम १९३० चं कलम १६ तुमच्या बाजूला येतं. तुम्हीच कंपनीचं नाव आणि मॉडेल सांगून मागितला असेल, तर हा मुद्दा पातळ होतो. आठवून खरं काय ते लिहा.

ग्राहक ठरलात म्हणजे वॉरंटीही मिळाली, असं मात्र नाही. ग्राहक ठरल्याने फक्त ग्राहक तक्रार आयोगाचं दार उघडतं, कार्डावरच्या अटीशी वेगळं भांडावं लागतं. तक्रारीत ‘सदोष वस्तू’, ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे शब्द असू द्या. ‘अनुचित करार’ हा शब्द टाळा. तो कायद्यात आहे, पण त्याची तक्रार राज्य आयोगापुढे चालते, जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही. एवढ्या एका शब्दावरून समोरचा महिनाभर खेळवू शकतो.

आता गंज. आत गंज दिसला ह्यात नवल काय, आपल्याकडे तुळशीपाशी ठेवलेला अडकित्तासुद्धा पावसाळ्याआधी तांबूस होतो. पण गंज आहे हे एक आणि गंजामुळे पट्टे आले हे दुसरं. उभे पट्टे बऱ्याचदा पॅनलच्या कडेला चिकटवलेल्या पातळ पट्ट्यांचा जोड सुटल्याने येतात. जॉबशीटवरच्या एका ओळीने ते ठरत नाही. कंपनीकडे लेखी मागा : गंज नेमका कुठल्या भागावर, त्याचे फोटो, आणि त्याचा स्क्रीनवरच्या पट्ट्यांशी संबंध काय. किनाऱ्यावर दुकानं थाटून टीव्ही विकणाऱ्याला खारा वारा नवा नाही, हे आयोगापुढे साध्या शब्दांत म्हणता येतं. तोवर सेट कुणालाही उघडू देऊ नका. बाजारातला ओळखीचा मेकॅनिक ‘वहिनी, बघतंय जरा’ म्हणाला तरी नाही. आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो, त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागू शकते, आणि मध्ये दुसऱ्याचा हात लागला असेल तर त्या तपासणीत काही उरत नाही.

हप्ते थांबवू नका. फायनान्सवाल्याचं भांडण नाही, आणि थांबवलेत तर सिबिल तुमचं बिघडेल.

दुकानदार आणि उत्पादक कंपनी दोघांना पोचपावतीसह स्पीड पोस्टने नोटीस पाठवा, पंधरा दिवस द्या. दरम्यान १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, कधीकधी तिथेच कंपनी नरम येते. नाही आली तर सिंधुदुर्गनगरीच्या जिल्हा आयोगात तक्रार. कंपनीचं ऑफिस दिल्लीत असो की चेन्नईत, तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लागतोच असं नाही (हे लिहिताना माझे सहकारी माझ्याकडे बघतायत). ई-जागृती ह्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइनही दाखल होते. मुदत वाद उद्भवल्यापासून दोन वर्षं, पण तोवर टीव्ही कपाटामागे ठेवून वाट बघू नका. समोरच्याला म्हणणं द्यायला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं कायदा म्हणतो. तुम्ही वर्ष धरून चाला. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश जोडणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र सोबत लावा.

मागणी माफक ठेवा : पॅनल फुकट बदला, जमत नसेल तर सेट बदला, तेही नसेल तर पैसे परत, शिवाय तक्रारीचा खर्च. मे महिन्यात पाहुण्यांसमोर झालेली पंचाईत नुकसानभरपाईत थोडक्यात लिहा. पाच लाखांचा मानसिक त्रास मागणाऱ्या तक्रारी मी पाहिल्यात, त्या वाचताना आयोगाच्या चेहऱ्यावरचा भावही.

दुसऱ्या टीव्हीचं. इंच, रंग आणि आवाज दुकानात कळतातच, तुम्ही कागद आधी बघा. मॉडेलचं वॉरंटी पान कंपनीच्या संकेतस्थळावरून दुकानात जाण्याआधी वाचा. ‘घरगुती वापरापुरतं’ असं असेल तर दुकानदाराला मोबाइलवर संदेश टाका, ‘होमस्टेच्या खोलीत लावणार आहे, वॉरंटी राहील ना?’ आणि उत्तर येईपर्यंत पैसे देऊ नका. हॉटेलांसाठी वेगळी मॉडेलं येतात, त्यांची किंमत आणि वॉरंटी दोन्ही विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, तेव्हा ‘बिल नको, स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याकडे वळूच नका. खोलीत ६५ इंची लागतो का, हेही बघा. पलंग भिंतीपासून सात-आठ फुटांवर असेल तर ४३ इंचांत भागतं. आणि पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत सोडून दुसरी निवडा. लोट्यावरचा तुमचा टीव्ही कुठल्या भिंतीला आहे, ते पत्रात लिहिलेलं नाही. नोटिशीचा मसुदा पाठवाल तेव्हा तेवढं कळवा, गंजाच्या मुद्द्यावर ते विचारलं जाईल.