बादली कुणाची पुढे?

प्रश्न : ताई, मी मुलुंडच्या एका जुन्या सोसायटीचा सेक्रेटरी. वाचनाची आवड पहिल्यापासून. मागच्या महिन्यात बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ पुन्हा वाचली आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. त्याच आठवड्यात कमिटीपुढे एक अर्ज आला. तिसऱ्या मजल्यावरच्या मालकाला फ्लॅट दोन मणिपुरी मुलींना भाड्याने द्यायचा होता. दोघी विमानतळावर नोकरीला. सातांपैकी सहा जण म्हणाले, ‘बाहेरच्या नकोत.’ त्या सहांत मी होतो. आता माझं मलाच कळेना.
– एक सेक्रेटरी

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, आधी रुक्ष भाग उरकते. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला आपला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. त्याने आधी कळवायचं, कराराची प्रत द्यायची, पोलिसांकडे भाडेकरूची नोंद करायची. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावता येतात, तेही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच. म्हणजे तुम्ही सहा जणांनी हात वर केलेत ती गोष्ट मुळात तुमच्या हातातलीच नव्हती.

आता तुमच्या झोपेचं. बागुलांचा तो संग्रह 1963 सालचा. कथेतल्या माणसाला रेल्वेत नोकरी लागलेली असते. राहायला खोली हवी म्हणून तो जात लपवतो, कुठचा म्हणून विचारलं की मुंबईकर म्हणतो, आणि शेवटी उघडं पडल्यावर मार खातो. वाचताना आपण त्याच्या पायांनी चालतो, खोली शोधत. खोली देणाऱ्याच्या ओट्यावर बसायची पाळी आपल्यावर येत नाही. मुलुंडच्या कमिटीत तुम्ही त्या ओट्यावर होतात. कथा खोटी नव्हती आणि तुमचं जागरणही खोटं नव्हतं, जागा तेवढी बदलली होती.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. माझ्याही नावावर एक हंडा आहे.

1968 साल, मी अकरा वर्षांची. परळला आमची चाळ, मजल्यावर बावीस खोल्या आणि टोकाला एक नळ. पहाटे साडेचारला पाणी यायचं, सव्वासहाला जायचं. रात्रीच भांडी रांगेत लागत : हंडे, कळश्या, डालडाचे डबे, एक तळाला डांबर लावलेली बादली. कुठलं भांडं कुणाचं आणि कुणाच्या मागे, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण चुकत नसे. त्या वर्षी कोपऱ्यातल्या खोलीत तेलुगू बोलणारं बिऱ्हाड आलं. नवरा गिरणीत साच्यावर. बाईंनी ॲल्युमिनियमच्या हंड्याच्या गळ्याला ओळखीसाठी लाल चिंधी बांधली होती. पहाटे मी बाहेर आले तेव्हा तो हंडा आमच्या कळशीच्या पुढे होता. मी तो उचलला आणि पार शेवटी नेऊन ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. मोठ्या माणसांपैकी कुणी अडवलंही नाही.

बाई आल्या. हंडा पाहिला, मग मला पाहिलं. चिंधी सोडली, तिनेच हंड्याचा काठ पुसला, पुन्हा बांधली आणि शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांना अर्धा हंडा पाणी मिळालं.

गंमत अशी, की सहा वर्षांपूर्वी त्या शेवटच्या जागेवर आमची कळशी असायची. चाळ बहुतेक कोकणातली, आम्ही साताऱ्याकडचे. ‘घाटी’ हा शब्द मी पहिल्यांदा त्या नळावर ऐकला. घरी येऊन आईला अर्थ विचारला, तर ती म्हणाली, ‘घाटावरून आलेले. खरंच आहे की.’ पण तोंड फिरवून म्हणाली. नळाला दिवसभर पाणी असतं तर मला तो लाल चिंधीचा हंडा दिसलासुद्धा नसता, असं मला अजून वाटतं.

तर पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करायला येईल. अर्ज नाकारण्याचं कारण त्यात कमिटीच्या तोंडच्याच शब्दांत लिहायला लावा : ‘बाहेरच्या आहेत म्हणून.’ मग कोण कोण सही करतं ते बघा. आपल्या सहीचं तुम्ही ठरवा.

प्रश्न : ‘परका’ आणि ‘उपरा’ यांत फरक काय? सुनेशी वाद झाला.
– एक सासूबाई, बोरिवली

उत्तर : परका म्हणजे आपला नसलेला, मग तो कुठेही असो. उपरा मात्र आपल्यातच राहतो. पेशवाईतल्या गावात दोन तऱ्हेचे शेतकरी असत. मिरासदाराची जमीन वडिलोपार्जित हक्काची, आणि उपरी म्हणजे बाहेरून येऊन कराराने कसणारा. घाम दोघांचा सारखाच, पण गावच्या मानपानात उपऱ्याला वाटा नाही. लक्ष्मण माने यांनी 1980 साली कैकाडी समाजातल्या आपल्या आयुष्याच्या कथनाला ‘उपरा’ हे नाव दिलं, त्यात हा सगळा जुना हिशेब आलाच. वाद कुणी जिंकला ते कळवा. सून घरात किती वर्षं आहे, तेही.

प्रश्न : मॅडम, मी माटुंग्याच्या एका कॉलेजात शिकतो. स्पर्धेसाठी आम्ही शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला कोर्टाचा प्रवेश मराठीत बसवतोय. मी शायलॉक. दिग्दर्शक म्हणतो, खलनायक कर. मला त्याची दया येते. काय करू?
– शायलॉक, एस.वाय.

उत्तर : दया नको. ती करायला लागलास की आवाज ओला होतो आणि तिसऱ्या रांगेपलीकडे पोचत नाही. कायदा वाच.

करार असा, की कर्ज फिटलं नाही तर व्यापारी अँटोनिओच्या अंगातलं पौंडभर मांस सावकार शायलॉकचं. कोर्टात पोर्शिया पुरुषवेशात, कायदेपंडित बनून येते तेव्हा तिचा पहिलाच सवाल असा असतो, की यांतला व्यापारी कोण आणि ज्यू कोण? (नाटकाला नाव व्यापाऱ्याचं, आणि तो ओळखू येत नाही!) मग ती शायलॉकला त्याचं नाव विचारते. तो सांगतो. आणि त्यानंतर ती त्याला जवळजवळ प्रत्येक वेळी ‘ज्यू’ म्हणूनच हाक मारते. नाव सांगतानाची तुझी ती एक ओळ आहे ना, ती नीट उभी कर. पुढच्या प्रत्येक हाकेला ती प्रेक्षकांना आठवली पाहिजे.

त्याआधी, तिसऱ्या अंकात, खुद्द अँटोनिओ म्हणतो, की ड्यूकला कायदा डावलता येणार नाही, कारण या शहराचा धंदा आणि नफा सगळ्या देशांच्या लोकांवर चालतो. परक्यांना इथे मिळणारे हक्क नाकारले तर राज्याच्या न्यायाचीच अब्रू जाईल. मुंबईत राहून हे तुला वेगळं समजवायला नको. तर या शहराला शायलॉकचे पैसे चालतात, करार चालतो. करार पुरा करायची वेळ आली, की एक कलम बाहेर निघतं : परक्याने नागरिकाच्या जिवावर उठण्याचा प्रयत्न केला तर त्याची अर्धी मालमत्ता त्या नागरिकाची, अर्धी सरकारजमा, आणि जीव ड्यूकच्या मर्जीवर. शायलॉक त्या शहराचाच रहिवासी, पण कलमात तो परका. इतका वेळ हे कलम कुणाला आठवलेलं नसतं. त्याला धर्मसुद्धा बदलायला लावतात.

शायलॉक माणूस म्हणून कडू आहे, सुरी बुटाच्या तळव्यावर घासतो, ते झाकू नकोस. दिग्दर्शकाला सुरी दे. तू ते कलम ऐकतानाचा चेहरा ठेव. आणि जमलं तर एवढं मनात असू दे, की खऱ्या व्हेनिसने 1516 साली ज्यूंना एका बेटावर वसवलं, रात्री दारं बंद व्हायची. ‘घेटो’ हा शब्द तिथूनच जगभर गेला.

प्रश्न : आपल्या सदरात उपऱ्यांचा फार कळवळा दिसतो. माझा मुलगा मराठी, जन्म गिरगावातला. आमच्याच मुंबईत घर बघायला गेला तर शाकाहारी सोसायटीने ‘मासे खाता का?’ विचारून बाहेरूनच परत पाठवलं. आता सांगा, उपरा कोण?
– एक जुना वाचक

उत्तर : तुमचा मुलगा. त्या दारात तरी तोच. तुमचा राग मला पटतो, आणि वर सेक्रेटरीसाहेबांना जे सांगितलं तेच त्या सोसायटीलाही लागू. मात्र विकत घेऊन सभासद व्हायचं असेल तर कायदा तितका सरळ नाही. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला. त्यामुळे नकार आला की तो लेखी मागा. तोंडी नकाराची गरम चर्चा होते आणि दुसऱ्या दिवशी थंड होते.

पण ‘आमच्याच मुंबईत’ म्हणालात, म्हणून 1967ची निवडणूक आठवली. तुम्ही जुने वाचक आहात, तुम्हालाही आठवत असेल. व्ही. के. कृष्ण मेनन केरळचे. 1957 आणि 1962, दोन्ही वेळा उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेले. दहा वर्षं कुणाला त्यांचं केरळ खुपलं नाही. 1967ला महाराष्ट्राबाहेरचे म्हणून काँग्रेसने तिकीट नाकारलं. ते अपक्ष उभे राहिले आणि पडले. आदल्याच वर्षी शिवसेना स्थापन झाली होती, तिनेही त्यांच्याविरुद्ध प्रचार केला. त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबईत स. का. पाटील उभे होते. मराठी माणूस, तीनदा मुंबईचे महापौर, आणि संयुक्त महाराष्ट्राचे कट्टर विरोधक. त्यांना पाडलं कुणी, तर मंगळूरहून आलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी. एकच शहर, एकच निवडणूक. दहा वर्षांचा खासदार उपरा ठरला आणि मंगळूरचा कामगार पुढारी आपला. कोण कुठून आला यावरून हे ठरलं असं मला तरी म्हणता येत नाही.

आमच्या घरी ‘मार्मिक’ यायचा. कचेऱ्यांतल्या अमराठी साहेबांच्या नावांच्या याद्या त्यात ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली छापून यायच्या. वडील त्या मोठ्याने वाचत आणि मुळीच थंड बसत नसत. त्यांच्या रागात तथ्य होतं, मॅट्रिक झालेला माझा मामा दोन वर्षं घरी बसला होता. हेच वडील जॉर्जच्या सभेला जाऊन आले आणि गॅलरीत उभं राहून सांगू लागले, ‘काय मराठी बोलतो हो! आपल्यापेक्षा साफ.’

शेजारचे काका दाढी करत होते. आरशातून न हलता म्हणाले, ‘म्हणजे घाटावरचा नाही, एवढं नक्की.’