आधी हात बघ, मग कागद

भाऊ, वाळूजला वर्कशॉप टाकलंस, पहिली भरती स्वतः करणार आहेस, म्हणून सांगतो. बायोडाटावर ‘तीन वर्षं सीएनसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) अनुभव’ कुणीही लिहितं. माझ्याकडे असाच एक चुणचुणीत पोरगा आला होता. हातात व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, देऊन पिनचा व्यास मोजायला सांगितला. त्याने मुख्य पट्टीवरचा आकडा वाचला अन् थांबला. छोट्या पट्टीवरची कुठली रेघ जुळते ते बघायचं असतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं. दोन मिनिटांत तीन वर्षं उघडी पडली.

अनुभवपत्रावरच्या मोबाईलवर फोन करू नकोस, बऱ्याचदा मित्रच उचलतो. कंपनीचा नंबर आपण शोधायचा. पीएफचं पासबुक त्यालाच तुझ्यासमोर उघडायला सांग, पासवर्ड मागू नकोस. 2014 पासून यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, आहे. नोकरी बदलली तरी नंबर तोच, कोणी कुठल्या महिन्याचा भरणा केला ते दिसतं. मात्र ठेकेदाराकडून लागलेल्यांच्या पासबुकात ठेकेदाराचंच नाव असतं, आणि 20 पेक्षा कमी माणसांच्या शॉपला पीएफ सक्तीचा नाही. तेवढ्यावरून कुणाला खोटारडा ठरवू नकोस. मार्कशीट डिजिलॉकरवर बघून घे.

आणि हो, बीड-जालन्याकडची पोरं कोरडवाहू शेतीला कंटाळून येतात, धास्तीपोटी वर्षं वाढवून सांगतात. तो व्हर्नियरवाला शेवटी म्हणाला, “काका, सहाच महिने केलंय, तेही हेल्परचं.” मी त्याला हेल्पर म्हणूनच ठेवला.