गोठवलेले भ्रूण आणि लाखांची सुई

प्रश्न : आमचे चार भ्रूण आयव्हीएफ केंद्रात गोठवलेले आहेत. मुलगी झाली, आता दुसरं मूल नको. ते संशोधनाला द्याल का, असं केंद्राने विचारलं आहे. सासूबाई म्हणतात, हे पाप. – वाचक, फोंडा

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. जगभरचा वाद तिथेच अडला आहे. 1998 मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसन यांच्या गटाने मानवी भ्रूणातल्या मूळपेशी (म्हणजे स्टेम सेल, ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी घडतात) प्रथम वेगळ्या करून वाढवल्या. हा भ्रूण पाच-सहा दिवसांचा, शे-दोनशे पेशींचा गोळा. त्याला मेंदू नाही, हृदय नाही. पण पेशी काढल्या की तो संपतो, हेही खरं. कॅथलिक चर्च गर्भधारणेच्या क्षणापासून त्याला माणसाचा मान देतं, म्हणून तुमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांनाही सासूबाईंचंच पटेल. (मोठ्या माणसाच्या पेशी घ्यायला मात्र चर्चचा विरोध नाही.)

मला वाटतं, जो भ्रूण कुणाच्याच उदरात जाणार नाही, तो संशोधनाला देण्यात पाप नाही. आपल्याकडच्या 2021 च्या कायद्याप्रमाणे भ्रूण दहा वर्षांपलीकडे ठेवता येत नाही. मग तो नष्ट होऊ द्यायचा, नाहीतर जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचा. प्रयोगशाळेतही त्याला 14 दिवसांपुढे वाढवायला आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत मनाई आहे. तरी एकाचंही मन खात असेल, तर सही करू नका. ‘नाही’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्रश्न : भ्रूणाला हात न लावता काम होत नाही का? – विद्यार्थिनी, म्हापसा

बरंचसं होतं. जपानच्या शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या त्वचेतल्या पेशी चार जनुकं घालून मूळपेशींसारख्या केल्या. 2012 चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं. पण या पेशी अस्सल भ्रूणपेशींसारख्या वागतात का, हे ताडायला भ्रूणपेशीच लागतात.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) आहे. परराज्यातल्या एका दवाखान्याने स्टेम सेलच्या सुया सुचवल्या आहेत. खर्च लाखांत. सासऱ्यांचं भाट (माडांची बाग) विकायचं ठरतंय. चवथीनंतर जायचं आहे. – एक आई, डिचोली

ताई, भाट विकू नका. थोडं कडक लिहितोय, कारण याच आशेवर घरं बसलेली मी पाहिली आहेत.

मूळपेशींचा सिद्ध झालेला उपचार म्हणजे मुख्यतः बोनमॅरो प्रत्यारोपण, तेही रक्ताच्या आणि प्रतिकारशक्तीच्या ठरावीक आजारांत. सेरेब्रल पाल्सी त्यात येत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे असे बाकीचे वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे पावती फाडून दिलेली सुई ही चाचणी नव्हे. पेशी मुलाच्याच आहेत, भ्रूणाच्या नाहीत, असं ते सांगतील. पेशी कुठल्या यावरून भांडणारे आपण सगळे, त्या कुणाला आणि काय सांगून टोचल्या जातात याकडे मात्र काणाडोळा करतो. मला याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो.

फोन करून एवढंच विचारा : सीटीआरआयमधला (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला) चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? रुग्णांचं हित तपासणाऱ्या नीतिसमितीची (एथिक्स कमिटीची) मंजुरी कुठे आहे? उत्तर टाळलं, तर तिकीट रद्द करा. फिजिओथेरपी मात्र एक दिवसही थांबवू नका. पाय आखडू न देण्याचं काम तीच करते. त्यांनी कागद दिले असतील तर सही करण्याआधी मला पाठवा, मी ओळ न् ओळ वाचून कळवतो.