१५ किलोत स्कूबाचं सामान कसं बसवायचं?

मागच्या अंकात स्कूबा डायव्हिंगबद्दल लिहिलं तर सगळ्यात जास्त प्रश्न आले ते समुद्राचे नाहीत, बॅगेचे. साहजिकच आहे म्हणा, आपल्या मराठवाड्यातून निघायचं म्हणजे आधी रेल्वे नाहीतर ट्रॅव्हल्स, मग विमान, मग बोट, आणि दर ठिकाणी तीच बॅग आपणच उचलायची. पाच पत्रं घेतलीयेत, बाकीच्यांची उत्तरं यातच मिळतील असं वाटतंय.

प्रश्न : ताई नमस्कार. मागच्या वर्षी अंदमानात हॅवलॉकला ओपन वॉटर कोर्स (स्कूबाचा पहिला कोर्स) केला, आता परत चाललोय आणि या वेळी सगळा सेट स्वतःचा घेतलाय, बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट), रेग्युलेटर (सिलिंडरमधून श्वास घ्यायचं साधन), फिन्स (पायात घालायचे पंख), वेटसूट (पाण्यात घालायचा रबरी पोशाख), सगळंच. इथल्या दुकानात २८ इंची हार्ड ट्रॉली ऑफरमध्ये आहे, दुकानदार म्हणायलाय वर माणूस उभा राहिला तरी फुटणार नाही. घेऊ का? की खास डायव्हिंगची बॅग मागवू? विमान मुंबईहून आहे, तिथपर्यंत रेल्वेने जायचंय.
— एक वाचक, लातूर

उत्तर : दादा, बॅग घ्यायच्या आधी वजनकाटा घ्या. हुकवाला डिजिटल काटा येतो, बॅग लटकवून वजन करायचा, स्वस्त असतो आणि पुढं प्रत्येक प्रवासात कामाला येतो. देशातल्या बहुतेक इकॉनॉमी तिकिटांवर चेक-इनला १५ किलो आणि केबिनला ७ किलो चालतं, आता यात तुमचं सामान मांडून बघा. बीसीडी साधारण साडेतीन किलो, रेग्युलेटर त्याच्या ऑक्टोपस (श्वासाची जादा नळी) आणि गेजसकट दोन किलोच्या आसपास, फिन्स दोन किलो, ३ मिलिमीटरचा वेटसूट दीड किलो, बूट पाऊण-एक किलो, मास्क डब्यासकट अर्धा किलो. झाले दहा-साडेदहा किलो. आणि ती २८ इंची हार्ड ट्रॉली रिकामीच चार-साडेचार किलोची असते! म्हणजे एकही कपडा न टाकता तुम्ही १५ ला टेकलात. ट्रॉली मजबूत असेल, नाही म्हणत नाही मी, पण तुमच्या तिकिटातला जवळपास तिसरा हिस्सा ती एकटी खाते, म्हणून घेऊ नका.

मोठ्या चाकांच्या खास डायव्हिंग बॅगांचंही तेच, त्याही चार-पाच किलोला जातात, त्या तिकडच्या लोकांसाठी ठीक ज्यांना २३-२३ किलोच्या दोन बॅगा मिळतात. आपल्याला साधी डफल बरी, जाड कापडाची, ८० ते ९० लिटरची, वजन दीड किलोच्या आत. पाठ दुखत असेल तर चाकांची डफल घ्या, ती अडीच-तीन किलोला पडते, सीएसएमटीला उतरून एअरपोर्टपर्यंत जायचंय म्हटल्यावर चाकांचा उपयोग होतो पण पुलाच्या पायऱ्यांवर आणि बोटीच्या जेटीवर तीच बॅग हातात उचलावी लागते हे धरून चाला. चेन नायलॉनची बघा, धातूची खाऱ्या पाण्यानं धरते आणि नेमकी परतीच्या दिवशी अडकते. आणि बॅगेवर महागड्या डायव्हिंग कंपनीचं मोठं नाव नको, साधी बॅग दिसू द्या, हँडलला एखादा रंगीत फडका बांधला की बेल्टवर लगेच ओळखू येते.

आता विभागणी. माझा नियम एकच आहे आणि तो मी सगळ्यांना आग्रहानं सांगते, पाण्याखाली ज्यातून आपण श्वास घेतो आणि ज्यावर बघून वर यायचं ठरवतो ते आपल्या हातात, बाकी सगळं विमानाच्या पोटात. म्हणजे रेग्युलेटर, डाइव्ह कॉम्प्युटर आणि मास्क केबिनमध्ये. हे तीन मिळून अडीच-तीन किलो होतात, ७ किलोत आरामात बसतात. बॅग हरवली, दुसऱ्या विमानात गेली, तर फिन्स आणि बीसीडी तिथं भाड्यानं मिळतात, पण तुमच्या चेहऱ्याला बसणारा मास्क आणि तुमचा नीट सर्व्हिस केलेला रेग्युलेटर कुठून आणणार? शिवाय चेक-इनमध्ये बॅगा एकावर एक आदळतात, फर्स्ट स्टेजला, म्हणजे रेग्युलेटरच्या सिलिंडरला जोडायच्या धातूच्या भागाला, मार बसला तर बाहेरून काहीच दिसत नाही. केबिनची बॅग साधारण ५५ बाय ३५ बाय २५ सेंटीमीटरची लागते, फिन्स त्यात बसत नाहीत, ते चेक-इनलाच.

डफल भरताना दोन्ही फिन्स दोन बाजूंना उभे लावा, त्यांच्या भिंती होतात, तळाला वेटसूटची घडी, मधे बीसीडी. बीसीडीतली हवा पूर्ण काढा नाहीतर निम्मी बॅग तीच अडवते. बुटात मोजे, चड्ड्या कोंबा, ती जागा रिकामी सोडायची नाही. रेग्युलेटरचे होज मोठ्या गोल वेटोळ्यात ठेवा, कोपऱ्यात दुमडून दाबायचे नाहीत, आणि फर्स्ट स्टेजचं डस्ट कॅप घट्ट लावा. असं केलं तर चेक-इनला सामान आठ किलोच्या आत, बॅग दीड, म्हणजे कपड्यांना पाच-साडेपाच किलो उरतात. त्यातले दोन किलो जाताना मोकळेच ठेवा, कारण येताना वेटसूट आणि बीसीडी पूर्ण वाळत नाहीत, ओलं सामान जास्त भरतं. तरीही जास्त होत असेल तर जादा वजन घरूनच ऑनलाइन घ्या, काउंटरवर तेच महाग पडतं. शिशाची वजनं आणि सिलिंडर अर्थातच न्यायचे नाहीत, भरलेला सिलिंडर विमानात चालतच नाही आणि ते डाइव्ह सेंटर देतं.

प्रश्न : माझी लेक अंदमानला स्कूबाचा कोर्स करायला जायलीय. इंटरनेटवर बघून सगळं सामान विकत घ्यायचं म्हणतीय, लई पैसे लागतात हो. खरंच लागतं का एवढं? आणि सोबत खायला काय दिलेलं चालतं विमानात?
— एक आई, परभणी

उत्तर : काकू, नाही लागत. कोर्सच्या फीमध्ये सामान बहुतेक ठिकाणी धरलेलं असतं, आधी विचारून घ्या फक्त. तिला एक मास्क घेऊन द्या, तोही दुकानात जाऊन, ऑनलाइन नको. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवायचा, नाकानं हलकासा श्वास आत घ्यायचा आणि हात सोडायचा, मास्क जागेवर चिकटून राहिला तर तो तिचा. चष्मा असेल तर नंबरच्या काचा बसवून मिळतात. कोर्सनंतर आवड टिकली तर दुसरी खरेदी डाइव्ह कॉम्प्युटर, बाकीचं पुढं बघता येईल. तिकडचं पाणी वर्षभर २७ ते ३० अंशांच्या आसपास असतं, जाड वेटसूटची गरज नाही, तो तर मुळीच घेऊ नका.

खायचं म्हणाल तर शेंगदाण्याची चटणी, धपाटे, दशम्या खुशाल द्या. चटणी, मसाला, तिखट, तेलाचं लोणचं हे सगळं चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या बॅगेत तिखट चालत नाही. पण सुक्या खोबऱ्याच्या वाट्या कुठल्याच बॅगेत टाकू नका! खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून ते विमानाला धोकादायक मालात मोडतं, आणि आपल्याकडं पोरांच्या बॅगेत खोबरं-गूळ हमखास टाकतात, त्यामुळे मुद्दाम सांगितलं.

प्रश्न : सिक्युरिटीवाले रेग्युलेटर अडवतात असं ऐकलं. माझ्याकडं दोन डाइव्ह टॉर्च, गोप्रो, पॉवर बँक, छोटा चाकू, पाने-स्क्रू ड्रायव्हरची किट असं सगळं आहे. काय कुठं ठेवायचं? नांदेडहून छोट्या विमानानं जाणार आहे, पुढं दुसरं विमान.
— एक वाचक, नांदेड

उत्तर : रेग्युलेटरवर बंदी नाही, पण स्क्रीनवर धातूचा गोळा आणि त्यातून निघालेल्या चार नळ्या दिसल्या की जवान बॅग उघडायला सांगणारच, ते त्यांचं कामच आहे. म्हणून तो सगळ्यात वर ठेवा, बॅग उघडताच हातात आला पाहिजे, सोबत सर्टिफिकेशन कार्ड ठेवा, आणि शांतपणे सांगा की हे पाण्याखाली श्वास घ्यायचं साधन आहे, यात गॅस नाही. आणखी एक करा, चेक-इन काउंटरवरच तो दाखवून विचारून घ्या, कारण सिक्युरिटीला पोचेपर्यंत मोठी बॅग आत गेलेली असते आणि मग अडवलं तर तो ठेवायला जागा नसते.

चाकू, पाने, स्क्रू ड्रायव्हर, कात्री सगळं चेक-इनला, चाकू म्यानात. वेटसूट चिकटवायचा गोंद मात्र घरीच ठेवा, तो ज्वलनशील असतो, दोन्हीकडं चालत नाही.

बॅटरीचं नीट समजून घ्या, यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथं प्रश्न आगीचा आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक कायम केबिनमध्ये, चेक-इनमध्ये कधीच नाही, कारण वर काही पेटलं तर माणसांसमोर पेटावं, विझवता येतं, पोटात पेटलं तर हात पोचत नाही. मर्यादा १०० वॉट-अवरची आहे, १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते आणि तशा सुट्या फक्त दोन नेता येतात. हिशोब सोपा आहे, मिलीअँपिअर-अवरला व्होल्टनं गुणा आणि हजारानं भागा. २०,००० ची पॉवर बँक ३.७ व्होल्टवर ७४ येते, म्हणजे चालते. टॉर्चमधली २१७०० मापाची सेल ५,००० ची असली तरी १८ च, गोप्रोची तर सात-आठच्या आत. पण टॉर्चचं वेगळं कारण आहे, डाइव्ह टॉर्च पाण्याबाहेर चुकून सुरू झाला तर प्रचंड तापतो, पाण्यात समुद्र त्याला थंड ठेवतो, बॅगेत कोण ठेवणार? म्हणून त्यातली सेल काढायची, प्रत्येक सेल वेगळ्या प्लास्टिकच्या डबीत किंवा टोकांना टेप लावून, आणि एअरलाइनला आधी कळवून ठेवायचं.

तुमचं विमान छोटं आहे म्हणून अजून एक. छोट्या विमानात वरचे कप्पे लहान असतात, कधी कधी विमानाच्या दाराशीच केबिन बॅग मागून घेतात आणि ती पोटात जाते. त्यासाठी बॅटऱ्या, पॉवर बँक आणि डाइव्ह कॉम्प्युटर एका छोट्या पाऊचमध्ये बॅगेत सगळ्यात वर ठेवा, बॅग मागितली की पाऊच काढून घ्यायचा, तिथं रांगेत उभं राहून सगळी बॅग उचकायची वेळ यायला नको. कॅमेऱ्याचं हाउसिंग (पाण्यात न्यायचा हवाबंद डबा) असेल तर त्याची ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं, काढून ठेवा, हवाबंद करून विमानात नेऊ नका.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको मालदीवला चाललोय. इंटरनॅशनल तिकिटावर ३० किलो लिहिलंय, मुंबईपर्यंतचं तिकीट वेगळं काढलंय. शेवटच्या दिवशी सकाळी एक डाइव्ह मारून दुपारच्या विमानाने निघू असा विचार आहे. कस्टमचं काही लफडं होतं का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आधी शेवटच्या दिवसाचं बोलू, ते सगळ्यात महत्त्वाचं. ती डाइव्ह रद्द करा. खोलात श्वास घेताना अंगात नायट्रोजन विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडतो, आणि विमानाच्या केबिनमधला दाब २४०० मीटर उंचीइतका कमी होऊ शकतो, कळसूबाई १६४६ मीटरचं आहे, त्याहून कितीतरी वर. दाब एकदम कमी झाला की त्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकतं. एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर किमान १८ तास, आणि डिकम्प्रेशनचा थांबा (वर येताना नायट्रोजन निघून जायला मधेच थांबणं) घ्यावा लागला असेल तर १८ हूनही बरंच जास्त. मी स्वतः पूर्ण २४ तास ठेवते. तसंही त्या एका दिवसात सामान धुऊन वाळतं, वजन कमी भरतं, त्यामुळे बॅगेच्या दृष्टीनंही तेच बरं. मालवणला जाऊन येणाऱ्यांनीही हे लक्षात घ्या, डाइव्ह झाल्यावर लगेच गाडी काढून घाट चढणं म्हणजेसुद्धा उंचीवर जाणंच आहे, आधी इन्स्ट्रक्टरला विचारा.

३० किलोचं असं आहे की दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असते तर बहुधा तेच वजन चिकलठाण्याच्या विमानतळापासून चाललं असतं, तुम्ही वेगळं काढलंय म्हणून मुंबईपर्यंत १५ च धरा, किंवा जादा वजन आताच घेऊन ठेवा, नाहीतर रेल्वेने जा. एका बॅगेत ३२ किलोच्या वर कुठंच घेत नाहीत, दोघांचं मिळून एक मोठं गाठोडं करू नका.

कस्टमसाठी मुंबईतून निघताना कस्टमच्या काउंटरवर महागड्या वस्तू दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, डाइव्ह कॉम्प्युटर, कॅमेरा, हाउसिंग, सगळ्याचे सिरियल नंबर आधीच लिहून न्या. म्हणजे येताना हे तिकडून आणलं असं कोणी म्हणणार नाही. बिलांचे फोटो मोबाईलमध्ये असू द्या. बॅग फुटलेली मिळाली तर एअरपोर्ट सोडायच्या आधीच तक्रार लिहून द्या, परदेशी प्रवासात तुटफुटीची लेखी तक्रार सात दिवसांच्या आत लागते.

प्रश्न : आमच्याकडं बोअरचं पाणी आहे, भांड्यांवर पांढरे डाग पडतात, उन्हाळ्यात तेही पुरत नाही. परत आल्यावर सामान धुवायचं कसं आणि ठेवायचं कुठं?
— एक वाचक, बीड

उत्तर : तिथंच, डाइव्ह सेंटरच्या टाकीत चांगलं धुऊन आणा, घरी मीठ घेऊन यायचंच नाही. घरी आल्यावर दोन बादल्या पुरतात, पहिली बोअरच्या पाण्याची, सामान त्यात तासभर भिजू द्या, आणि शेवटचा हात जारच्या किंवा आरओच्या पाण्याचा, म्हणजे बटणांवर आणि व्हॉल्व्हवर क्षार धरत नाही. रेग्युलेटर बुडवताना डस्ट कॅप लावलेलं पाहिजे आणि पर्जचं बटण (तोंडात धरायच्या भागावरचं) दाबायचं नाही, दाबलं की पाणी आतून फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. बीसीडीच्या आतही थोडं पाणी घालून हलवा, उलटं धरून काढून टाका, मग अर्धवट फुगवून टांगा.

वाळवायचं सावलीत. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये घरात सुद्धा एका दिवसात वाळतं, ऊन दाखवायची गरजच नाही, उन्हानं निओप्रीन (वेटसूटचं कापड) आणि रबर दोन्ही कडक होतात. पत्र्याची खोली, गाडीची डिक्की, गच्चीवरची टाकीखालची जागा यापैकी कुठंच ठेवू नका, घरातलं सगळ्यात थंड कपाट बघा. वेटसूट रुंद हँगरवर, फिन्स आडवे ठेवायचे, टोकावर उभे केले तर वाकतात. पारदर्शक सिलिकॉनचा मास्क काळ्या रबराला टेकवून ठेवू नका, डाग पडतो तो निघत नाही, त्याच्या डब्यात वेगळा ठेवा.