कर्मचाऱ्यांची तग धरण्याची क्षमता मोजता येते का? ट्रेनिंगने ती वाढते का? (८० जणांची कंपनी)

मोजता येते आणि थोडीफार वाढतेही, पण एका दिवसाच्या वर्कशॉपवर फार भिस्त ठेवू नका. एचआरमध्ये हे सर्व्हे मीच चालवते, त्यावरून सांगते. तुमच्या ८० जणांना 'ब्रीफ रेझिलियन्स स्केल' (२००८), म्हणजे तग धरण्याची क्षमता मोजणारी छोटी प्रश्नावली, पुरेल. सहाच विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण, मग सरासरी: ३ च्या खाली कमी, ४.३० च्या वर उत्तम. २, ४ आणि ६ ही विधानं उलटी असतात (जास्त गुण म्हणजे कमी क्षमता), त्यांचे गुण ६ मधून वजा करून घ्यायचे. एक्सेलमध्ये नेमकं हेच राहून जातं आणि मग सगळं ऑफिस 'मध्यम' निघतं!

वाढवण्याचं म्हणाल, तर २०१६ च्या एका मेटा-ॲनालिसिसमध्ये (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून पाहणं) अशा ट्रेनिंगचा परिणाम लहानच दिसला आणि काळ जाईल तसा तो ओसरला. एकेकाशी समोरासमोर केलेलं काम सरस ठरलं, कॉम्प्युटरवरचे कोर्स सगळ्यांत मागे. २०१०-११ च्या क्राइस्टचर्च भूकंपांनंतर न्यूझीलंडच्या संशोधकांनी केलेली नऊ विधानांची प्रश्नावली मला जास्त पटते. ती स्वभाव नाही, वागणं विचारते: चुकीतून शिकता का, गरज पडली की साहेबांकडे जाता का. लोक जात नसतील, तर ट्रेनिंग आधी साहेबांना द्या.

फक्त हे गुण अप्रेझलला जोडू नका, सर्व्हेत नावंही विचारू नका. नाहीतर सगळेच स्वतःला पाचपैकी पाच देतील.